आद्रिया, म्हणजे एड्रियाटिक समुद्राला नाव देणारं गाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गेली काही वर्षं पादोव्हाला राहते. भारतातून कोणी आलं आणि त्यांचं व्हेनिस, व्हेरोना उरकलं की मी त्यांना आद्रियाला नेतेच. आधी सगळे विचारतात हे कुठलं गाव काढलंस आता, आणि परतीच्या ट्रेनमध्ये प्रश्नांवर प्रश्न सुरू होतात. तेच तेच इतक्या वेळा सांगून झालंय की म्हटलं एकदा नीट लिहूनच ठेवू.

आद्रिया नक्की आहे तरी कुठे?

इटलीच्या ईशान्येला, व्हेनेतोमध्ये, रोव्हिगो जिल्ह्यात. वर आदिजे नदी, खाली पो नदी, आणि दोघींच्या मधला जो एकदम सपाट पट्टा आहे त्याला पोलेसिने म्हणतात, त्यात हे गाव बसलंय. वस्ती वीस हजारांच्या आतबाहेर. गावाच्या मधून कनाल बियांको नावाचा कालवा जातो, त्यावर छोटे पूल, काठाला घरं, दुपारी दुकानं बंद असली की सायकलच्या चेनचा आवाजसुद्धा ऐकू येतो. पो ही इटलीची सगळ्यात लांब नदी, 652 किलोमीटर, आल्प्समधल्या मोनव्हिसो डोंगरावर उगम पावून इथे समुद्राला मिळते. भूगोलात आपण त्रिभुज प्रदेश शिकलो ना, तो इथे शब्दशः डोळ्यांपुढे दिसतो.

एड्रियाटिक समुद्राचं नाव खरंच या गावावरून पडलंय?

हो, आणि हे गावकऱ्यांनी कौतुकाने पसरवलेलं नाही, दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी लिहून ठेवलंय. रोमन इतिहासकार लिव्ही म्हणतो की हा समुद्र एट्रस्कनांच्या (रोमनांच्या आधीचे लोक, पुढे सांगते) हात्रिया या वसाहतीवरून ओळखला जातो. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो म्हणतो की हे कधीकाळी नामांकित शहर होतं आणि अक्षरं थोडी बदलून समुद्राने त्याचंच नाव घेतलं. रोमन लेखक प्लिनी तर एट्रस्कनांचं 'नामांकित बंदर' असंच लिहितो.

गोंधळ होतो तो आत्री नावाच्या दुसऱ्या गावामुळे. ते खाली अब्रुझ्झोमध्ये आहे, त्याचंही जुनं नाव हाद्रिया, आणि सम्राट हेड्रियनचं घराणं मूळचं तिथलं. त्यामुळे कोणी सांगितलं की हेड्रियन बादशहा आद्रियाचा, तर ते त्या दुसऱ्या गावाबद्दल आहे. समुद्राच्या नावाचा मान मात्र जुने लेखक या पो काठच्या आद्रियालाच देतात.

मग समुद्र कुठे गेला? स्टेशनवर उतरलो तर सगळी शेतंच दिसली.

हा प्रश्न सगळे विचारतात आणि माझ्या मते आद्रियाची सगळी गोष्ट या एकाच प्रश्नात आहे. समुद्र आता गावापासून वीसेक किलोमीटर लांब आहे. तो कुठे गेला नाही, नदीने मध्ये जमीन आणून टाकली. पो आणि आदिजे दोघी आल्प्समधून माती, वाळू, चिखल घेऊन येतात, सपाटीवर वेग कमी झाला की तो गाळ खाली बसतो, तळ वर येतो, मग पुरात नदी काठ फोडून दुसरीकडून वाहायला लागते आणि तिकडेही तेच. असं शतकानुशतकं चाललं. इ.स.पू. 6 व्या शतकात जिथे जहाजांचा माल उतरायचा तिथे आज बीट, मका आणि सोयाबीनची शेती आहे. ज्या नदीने बंदर वसवलं, आतल्या मुलखातला माल खाली आणून दिला, तिनेच ते बंदर गाडलं, आणि जुनं आद्रिया आज आजच्या रस्त्यांच्या कित्येक मीटर खाली आहे. घरांचे पाये, तळघरं, कालवे खणताना लाकडी खांबांवर उभी केलेली जुनी घरं सापडलीत, कारण त्या वेळीसुद्धा जमीन दलदलीचीच होती.

एट्रस्कन म्हणजे रोमनच ना?

नाही. रोमनांच्या आधी मध्य इटलीत, आजच्या तोस्कानाच्या बाजूला, ज्यांचा जोर होता ते लोक. त्यांची भाषा लॅटिनची नातेवाईक नाही, आपल्या इंडो-युरोपियन कुळातलीच नाही, आणि बहुतेक वेळा उजवीकडून डावीकडे लिहायचे. रोमनांनी त्यांच्याकडून खूप काही उचललं. उत्तरेला पो खोऱ्यात ते व्यापारासाठी आले आणि एड्रियाटिकच्या किनाऱ्याशी त्यांना दोन बंदरं मिळाली, आद्रिया आणि स्पिना.

आद्रिया फक्त एट्रस्कनांचं होतं का?

अजिबात नाही, आणि मला ते सगळ्यात आवडतं. इथे व्हेनेती लोक होते (व्हेनेतो नाव त्यांचंच), ग्रीक व्यापारी होते, एट्रस्कन होते, नंतर गॉल (केल्ट टोळ्या) आले, मग रोमन. म्युझियममध्ये अथेन्सच्या काळ्या आणि तांबड्या चित्रांच्या भांड्यांचे तुकडे ढिगाने आहेत, आणि काहींवर मालकाने किंवा देवाला वाहणाऱ्याने टोकदार काहीतरी घेऊन नाव कोरलंय, कुठे ग्रीकमध्ये, कुठे एट्रस्कनमध्ये. आपल्याकडे आजीच्या स्टीलच्या डब्यावर मशीनने नाव टाकलेलं असायचं ना, लग्नाची तारीख वगैरे, अगदी तसं वाटतं. अडीच हजार वर्षांपूर्वी कोणीतरी हा वाडगा माझा म्हणून हात घट्ट धरून अक्षरं काढलीत आणि त्यातलं एक अक्षर चुकून खाली घसरलंय.

इ.स.पू. 4 थ्या शतकात सिसिलीतल्या सिराक्यूजचा हुकूमशहा पहिला डायोनिसियस याचाही इथे हात पोचला. त्याचा माणूस, इतिहासकार फिलिस्टस, हद्दपार होऊन आद्रियाला राहिला आणि इतिहासाचं बरंचसं लेखन त्याने इथेच केलं असं चरित्रकार प्लुटार्क सांगतो. प्लिनी एका कालव्याला फिलिस्टसचं नाव देतो. म्हणजे चिखल उपसून पाण्याला वाट करून द्यायचं काम तेव्हाही चालूच होतं.

हे आपल्या नालासोपाऱ्यासारखंच झालं की?

बरोब्बर, मला पहिल्यांदा म्युझियममधून बाहेर पडल्यावर तेच आठवलं. सोपारा आणि कल्याण ही नावं पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या 'पेरिप्लस' या मार्गदर्शिकेत आहेत. सोपाऱ्यात अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे मिळाले, 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी बुरूड राजाचा कोट म्हणतात तो स्तूप उकरला, आणि आज तिथून लोकल पकडायला निघालेल्या माणसाला इथे गलबतं लागायची हे सांगूनही पटत नाही. फरक नदीचा आहे. सोपाऱ्याची खाडी गाळाने भरली, पण आद्रियाच्या पुढे पो नदीने अख्खा नवीन तालुका होईल एवढी जमीन तयार केली.

म्युझियममध्ये काय बघू? वेळ कमी आहे.

वेळ कमी असला तर सरळ रथाकडे जा. 1938 मध्ये कनाल बियांकोच्या कामात खणताना इ.स.पू. 3 ऱ्या शतकातलं एक दफन सापडलं, त्यात लोखंडी भाग असलेला दोन घोड्यांचा रथ आणि तीन घोडे, दोन रथाला जोडलेले आणि एक वेगळा. गावात त्याला लुकुमोनेचा रथ म्हणतात, लुकुमोने म्हणजे एट्रस्कन राजा. लाकूड कधीच कुजून गेलं पण चाकांच्या धावा राहिल्या. धाव म्हणजे बैलगाडीच्या चाकावर लोहार तापवून चढवतो ती लोखंडी पट्टी, माझ्या आजोळी ती चढवताना मी लहानपणी बघितलीय, लाल झालेली पट्टी चिमट्याने धरून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं, धूर आणि चर्र आवाज. इथे तीच गोष्ट, तोच गोल, गंजून फुगलेला, आणि शेजारी घोड्यांच्या लांबट कवट्या, दातांच्या रांगा अजून पक्क्या. मी तिथे बराच वेळ उभी राहते. व्हेनेती लोकांचे घोडे त्या काळात प्रसिद्ध होते, डायोनिसियसने शर्यतीचे घोडे इकडूनच नेले असं स्ट्रॅबोने लिहिलंय, हे डोक्यात ठेवून बघितलं की ते सांगाडे नुसती हाडं राहत नाहीत.

त्यानंतर रोमन काच बघा. हिरवट, निळसर, इतकी पातळ की हात लावायची भीती वाटेल, आणि त्यात एन्निऑन नावाच्या कारागिराने साच्यात फुंकून केलेला पेला आहे, अंगावर ग्रीक अक्षरांत 'एन्निऑनने केला' अशा अर्थाची सही. तिसरं म्हणजे मैलाचा दगड. इ.स.पू. 132 चा कॉन्सल (रोमचा सर्वोच्च अधिकारी) पोपिलियस याने रस्ता बांधला, त्याच्या नावासकट 81 हा आकडा कोरलाय, म्हणजे दक्षिणेकडच्या रिमिनी शहरापासून 81 रोमन मैल. NH च्या कडेचा पिवळा-पांढरा दगड आठवला की नाही?

हा सगळा संग्रह सरकारने जमवला का?

सुरुवात एका घराण्याने केली. बोक्की म्हणून आद्रियातलं कुटुंब, 18 व्या शतकापासून गावात जे जे जमिनीतून निघेल ते विकत घ्यायचं, नोंद करायची, चित्रं काढून ठेवायची, हे त्यांनी पिढ्यान्पिढ्या केलं. 20 व्या शतकाच्या सुरुवातीला संग्रह नगरपालिकेकडे गेला, 1961 मध्ये आताची इमारत झाली आणि 1972 मध्ये ते राष्ट्रीय पुरातत्त्व म्युझियम झालं. नोंदी ठेवल्या म्हणून आज कुठला तुकडा कुठल्या वावरातून आला हे कळतं. आपल्याकडे किती गावांत नांगराला लागलेली मूर्ती पाराखाली ठेवून शेंदूर लावला आणि ती कुठे मिळाली ते कोणालाच सांगता येत नाही, त्यामुळे बोक्की लोकांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

स्पिनाला पण जाऊ का?

स्पिना गाव म्हणून आज उभं नाही. 1922 मध्ये कोमाक्कियोजवळ पाणथळ जमीन कोरडी करताना थडगी लागायला लागली आणि शेवटी 4000 च्या वर निघाली. वस्तू फेरारातल्या म्युझियममध्ये आहेत, तिथे नक्की जा. आद्रिया आणि स्पिना ही जोडी समजा, फक्त स्पिना पूर्ण बुडालं आणि आद्रियात माणसं राहत गेली. जवळच सान बाझिलिओ म्हणून आहे, तिथेही जुन्या व्यापारी वस्तीचे अवशेष मिळालेत, हाताशी गाडी असेल तर तेही करा.

कोंबड्यांची काय गोष्ट आहे म्हणे?

ही खरी आहे! अॅरिस्टॉटलने प्राण्यांवर लिहिताना नोंदवलंय की आद्रियाच्या कोंबड्या चणीने लहान पण रोज अंडं देतात. बाकी जगाला गावाचं बंदर माहीत होतं आणि अॅरिस्टॉटलला कोंबड्या.

पो नदीचा काप म्हणजे काय?

हे नीट समजून घ्या कारण आजचा डेल्टा त्यामुळेच असा दिसतो. 1152 मध्ये फिकारोलोला काठ फुटला आणि पोचं मुख्य पाणी हळूहळू उत्तरेकडच्या वाटेने जायला लागलं. त्यामुळे गाळ व्हेनिसच्या खाजणाच्या दिशेने सरकायला लागला, आणि व्हेनिसचं सगळं पोटपाणी जहाजांवर, खाजण भरलं तर संपलंच. आद्रियाचं काय झालं ते त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. म्हणून 1600 ते 1604 या काळात व्हेनिस सरकारने पोर्तो व्हिरोला जवळपास 7 किलोमीटरचा कालवा खणून अख्खी नदी दक्षिणेकडे वळवली. फावडी, टोपल्या आणि माणसं, दुसरं काही नाही. व्हेनिस वाचलं आणि गाळ नवीन तोंडापुढे साचून आजचा डेल्टा समुद्रात पुढे पुढे गेला. त्या काठी 'तालियो दि पो' असं गावच आहे, अर्थ पोचा काप.

1951 च्या पुराबद्दल घरोघरी बोलतात, काय झालं होतं?

14 नोव्हेंबर 1951 च्या संध्याकाळी ओक्कियोबेल्लोजवळ पोचा डावा काठ फुटला. पोलेसिने म्हणजे ताट, कडेने बांध आणि मध्ये खोलगट, त्यामुळे शिरलेलं पाणी बाहेर पडायला जागाच नाही, ते पसरत पसरत आद्रियापर्यंत आलं आणि गाव पाण्याखाली गेलं. सुमारे 100 माणसं गेली. त्यातली 84 एकाच ठिकाणी, फ्रास्सिनेल्लेजवळ, सुटका करून नेणाऱ्या ट्रकमध्ये, रात्रीच्या अंधारात ट्रक पाण्यात अडकला आणि बायका, पोरं, म्हातारे सगळे. पावणेदोन लाखांहून जास्त लोक बेघर झाले आणि त्यातले खूप जण परत आलेच नाहीत, तोरिनो, मिलानोकडच्या कारखान्यांत गेले. 1961 च्या पानशेतनंतर पुण्यात जसं 'पुराच्या आधी' आणि 'पुराच्या नंतर' असं बोलतात, तसंच इथली वयस्क माणसं 'ला रोत्ता' म्हणतात, म्हणजे काठाचं फुटणं. एका बेकरीत भिंतीवर माझ्या खांद्याच्या वर एक रेघ आहे, मी विचारलं तर काउंटरमागच्या आजींनी नुसता हात आडवा धरून दाखवला, पाणी इथपर्यंत.

गाव समुद्रसपाटीच्या खाली आहे का?

गाव थोडं वर आहे, पण आजूबाजूची आणि पुढे डेल्टातली खूप जमीन खाली आहे. रस्त्याने जाताना शेत खाली आणि नदी तुमच्या डोक्याच्या वर, बांधावर चढलात की मग पाणी दिसतं, पहिल्यांदा अंगावर काटाच येतो. एक कारण म्हणजे दलदल उपसून जमीन केली की ती सुकून बसते. दुसरं माणसाने ओढवून घेतलं, साधारण 1938 पासून इथे मिथेन वायू काढायला लागले, तो जमिनीतल्या पाण्यात मिसळलेला असतो त्यामुळे पाणीही उपसायचे, आणि काही ठिकाणी जमीन 2-3 मीटर खाली गेली. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला बंदी आली पण खचलेली जमीन काही वर येत नाही.

गोवा-कोकणातली खाजण जमीन माहीत असेल तर लगेच समजेल, बांध घालून खारं पाणी बाहेर ठेवायचं. फरक एवढाच की खाजणात ओहोटीला मानशीतून (बांधातल्या झडपेतून) पाणी आपोआप बाहेर जातं, इथे जमीन इतकी खाली की पंपाने उचलून टाकावं लागतं, पावसाचा प्रत्येक थेंब. पंपिंग स्टेशनला 'इद्रोव्होरा' म्हणतात. तालियो दि पोजवळ का' व्हेंद्रामिनचं जुनं पंपिंग स्टेशन आता म्युझियम आहे, उंच विटांची चिमणी लांबूनच दिसते, आतली यंत्रं बघून मगच डेल्टात फिरा असं मी सगळ्यांना सांगते.

'आद्रियाचा आंधळा' कोण?

लुईजी ग्रोतो, 1541 ते 1585, कवी आणि नाटककार. जन्मानंतर थोड्याच दिवसांत दृष्टी गेली. 1585 मध्ये व्हिचेन्झाच्या तेआत्रो ओलिंपिको या नाट्यगृहाचं उद्घाटन ग्रीक राजा इडिपसच्या नाटकाने झालं, त्यात शेवटी आंधळा झालेला इडिपस याने केला, आणि त्याच वर्षी तो वारला. संगीतकार अंतोनियो बुझ्झोलाही (जन्म 1815) इथलाच, त्याच्या नावाचं संगीत विद्यालय गावात आहे, खिडक्या उघड्या असल्या की रियाज रस्त्यावर ऐकू येतो.

जायचं कसं?

व्हेनिसच्या बाजूने मेस्त्रेहून पियोव्हे दि साक्को, काव्हार्झेरे करत जाणारी छोटी लाइन आहे, किंवा रोव्हिगोला उतरून कियोज्जाच्या गाडीने. गाड्या कमी असतात, परतीची वेळ आधी बघून ठेवा. डेल्टासाठी गाडी किंवा सायकल हवीच.

खायला काय? व्हेज मिळतं का?

मासे खाणाऱ्यांची चैन आहे. वाम मासा, इकडे 'बिझातो', तिसऱ्या, आणि स्कार्दोव्हारीचे शिणाणे ज्यांना संरक्षित नावाचा दर्जा आहे. पण 2023 पासून अमेरिकेकडच्या अटलांटिक किनाऱ्याचा निळा खेकडा इथे बेसुमार वाढलाय, तिसऱ्यांची शेतीच फस्त करतोय आणि मच्छीमारांची घरं त्याने हलवून टाकलीत. मेनूत निळा खेकडा दिसला तर जरूर मागवा.

व्हेजवाल्यांना डेल्टाच्या तांदळाचा रिझोत्तो, लाल रादिक्कियो (कडवट पालेभाजी) घालून, आणि पोलेन्ता, म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट उकड. रिझोत्तो मागताना 'ब्रोदो व्हेजेताले?' (भाज्यांचं पाणी आहे का?) हे विचाराच, नाहीतर भाताला मटणाच्या हाडांचं पाणी असू शकतं. पांढरा पोलेसिने लसूण मिळाला तर घरी घेऊन या, फोडणीत वास मस्त येतो.

कोणत्या महिन्यात?

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर. उन्हाळ्यात संध्याकाळी डास फोडून काढतात, नोव्हेंबर ते जानेवारी धुकं इतकं की पुलावरून कालवा दिसत नाही.

समुद्र परत येतोय असं म्हणतात ते काय?

वरून नाही, खालून येतोय. नदीत पाणी कमी झालं की खारं पाणी जड असल्यामुळे तळातून आत सरकतं, वर गोडं आणि खाली खारं. 2022 च्या दुष्काळात पोला पाणीच नव्हतं आणि खारं पाणी मुखापासून 30 किलोमीटरहून जास्त आत शिरलं. म्हणजे आद्रिया समुद्रापासून जेवढं लांब आहे त्याहून जास्त. नदीच्या तोंडाशी खारं पाणी अडवायचे दरवाजे आहेत पण ते बांधले तेव्हा एवढा कमी प्रवाह कोणी धरला नव्हता. त्या उन्हाळ्यात मी डेल्टात गेले होते, कडेची भाताची खाचरं पिवळी पडलेली, आणि एक शेतकरी पाटाच्या दारापाशी वाकून हातातला छोटा मीटर पाण्यात बुडवून क्षार किती आहेत ते बघत होता. बघितलं, मीटर पुसून खिशात टाकला, आणि पाटाचं दार उघडलं नाही.